रेवदंडा-कोर्लईला पडक्या भिंतींशिवाय काय आहे? मुंबईहून एका दिवसात होईल, की सरळ काशिदला जावं?

होईल की. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो, मांडवा, अलिबाग, रेवदंडा आणि संध्याकाळी परत. पण मी लिहायला बसले ते ‘पडक्या भिंती’ वाचून. माझं माहेर रेवदंड्याचं, तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याच्या त्याच तटाच्या आतलं. अख्खं गाव तटाच्या आत आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांसकट.

हेच शब्द आमचे भावोजी, म्हणजे नणंदेचे यजमान, माझ्या लग्नापासून ऐकवताहेत. “पोर्तुगीज बघायचे तर गोव्यात बघावेत.” एका दिवाळीत मी सासरच्या सगळ्यांना रेवदंड्याला घेऊन गेले. सातखणी मनोऱ्यापाशी भावोजी गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून विचारतात, “झालं का?”

मामंजी सत्तरीचे, पण ते खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला चढले. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत. वर डोंगराची सोंड इतकी चिंचोळी की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कुंडलिकेची खाडी. पोर्तुगिजांनी ही टेकडी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतली ती उगाच नाही. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत खालूनच जाणार. मामंजी पडक्या चर्चच्या सावलीला बराच वेळ टेकले, पाण्याची टाकी बघितली, तोफेवरून हात फिरवला.

खाली गावात दोन बायका बांबूवर बोंबील टांगत आपापसात बोलत होत्या. मामंजी थबकले. “ही कोकणी नव्हे.” त्यातली एक मराठीत म्हणाली, “घरात हेच बोलतो आम्ही.” १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून झालेली ही बोली कोर्लईत अजून नांदते आहे. भावोजींनी ऐकली नाही, कारण ते गाडीत एसी लावून झोपले होते.

आणि गोव्याचंच म्हणाल, तर पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी याच खाडीच्या तोंडाशी, चौलच्या लढाईत, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला होता. हे मी भावोजींना जेवताना सांगितलं, तर म्हणाले, “सोलकढी वाढ.”

बघायचं कसं, तर रेवदंडा पायी. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून तटाच्या कडेकडेने चाला, भरतीचं पाणी पार भिंतीपाशी येतं. कोर्लई सकाळी लवकर उरका, वर सावली जवळजवळ नाहीच. पाणी खालूनच न्या. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. आमच्या मामंजींचं सोडा. आणि कोर्लईच्या लोकांना “काहीतरी बोलून दाखवा” म्हणत मोबाईल समोर धरू नका, ती माणसं कामात असतात.

काशिद तिथून पुढे अर्ध्या तासावर. पोरं हट्ट करत असतील तर जा बापडे, वाळू छान आहे. भावोजी दरवर्षी जातात. साळावच्या पुलावर उजवीकडे, कोर्लईच्या किल्ल्याकडे, मान वळवायचीही त्यांना गरज वाटत नाही.