दूध रनआउट कसं होतं?

प्रश्न : ताई, माझी नात इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे तिला पाठ. परवा वाचनात ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ आलं आणि तिने विचारलं, ‘आजी, दुधाला रनआउट कोणी केलं?’ मला उत्तर सुचेना. एका शब्दाचे इतके अर्थ मुलांनी लक्षात तरी कसे ठेवायचे?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आजी, नातीचा प्रश्न फार मोलाचा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढलेत. ते पाठ करायला लावू नका.

तिला आधी एवढंच सांगा, की ‘रन’मध्ये पाय आहेत तसं पाणीही आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द धावण्यासाठी होता तसा वाहण्यासाठीही होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणून इंग्रजीत नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक होतं, धुताना कपड्याचा रंग होतो आणि आपली विश्वामित्री नदीही शहरातून ‘रन’ होते.

आता दूध. वाहत वाहत गेलं, म्हणजे उरलं नाही. हे परकं वाटत असेल तर आपलं ‘सरणे’ बघा. ‘जरा पुढे सर’ म्हणजे हल. ‘डब्यातलं पीठ सरलं’ म्हणजे संपलं. माझी आई तर ‘संपलं’ म्हणायचीच नाही, तेल ‘सरत आलं’ म्हणायची. मूळ संस्कृत धातू ‘सृ’, त्यातूनच सरिता. दोन्ही भाषांनी हलण्यातून संपणं काढलं, याचं मला वर्गात शिकवताना दर वेळी नवल वाटायचं.

दुकान मात्र इंग्रज ‘रन’ करतो, आपण चालवतो. तिकडे धाव, इकडे चाल.

क्रिकेटमधला ‘रन’ पायांचाच, पण तोही बदलला. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. त्या सगळ्या काही धावून काढल्या नसणार; सीमापार गेलेल्या चेंडूसाठी पूर्ण धावावं लागत नाही, तरी चौकाराचे चार ‘रन’ मोजतातच. धावणं मागे पडलं, मोजणी उरली.

रनआउटमध्ये धावणारा बाद होतो. दुधाला कोणी बाद केलं नाही, ते सरलं, असं आज तिला सांगा.