मुलाखतीत कंपनी खोटं बोलते का?

धाकट्या भावाला चाकणच्या एका कंपनीने मुलाखतीत नऊ लाखांचं पॅकेज आणि जनरल शिफ्ट सांगितली. ऑफर लेटरमध्ये मात्र हातात येणारा पगार बराच कमी दिसतोय आणि शिफ्टचा उल्लेखच नाही. ही फसवणूक नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी चाकण-भोसरी पट्ट्यात 19 वर्षं क्वालिटीत आहे आणि गेली आठ वर्षं मुलाखती घ्यायलाही बसतोय. धडधडीत खोटं बोलणारे मी फार थोडे पाहिले. सांगायला हवं ते गाळणारे मात्र पुष्कळ, आणि माणसाचं नुकसान होतं ते त्यांच्यामुळेच.

पगाराचंच घ्या. नऊ लाखांना बाराने भागून भावाने 75 हजार धरले असणार. पण त्या नऊ लाखांत समजा दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, दर महिन्याला हातात न येणारा भाग) आहे, म्हणजे 90 हजार बाजूला. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं, साडेचार लाख. त्यावर 12 टक्क्यांनी कंपनीचा पीएफचा वाटा 54 हजार आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) साधारण साडेएकवीस हजार, हेही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. पुन्हा त्याच्या पगारातून त्याचा स्वतःचा पीएफ महिन्याला साडेचार हजार आणि व्यवसाय कर 200 रुपये कापला जाईल. आयकर सोडला तरी हातात येतात साधारण साडेछप्पन्न हजार. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी तर सहसा पाच वर्षं पूर्ण केल्यावरच मिळते. यात एकही आकडा खोटा नाही, तरीही 75 आणि साडेछप्पन्न यांतला फरक ऐकून पोरगं खचतं. खोलीचं भाडं त्याने 75 वर बेतलेलं असतं.

शिफ्टचं जरा वेगळं असतं. मलाही पहिल्या नोकरीत जनरल शिफ्ट सांगितली होती आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी लागली. मी एचआरवर चिडलो होतो. नंतर कळलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, शिफ्ट ठरवायचा प्रॉडक्शन हेड. म्हणून हे नेहमी त्यालाच विचारावं, ज्याच्या हाताखाली काम करायचंय.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाची मुलाखत घेतली. ज्या लाइनसाठी भरती होती ती वर्षभरात दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलणार, हे मला माहीत होतं. वरून सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही. तो चांगली नोकरी सोडून आला, बायकोला घेऊन भोसरीत घर केलं, आणि आठ महिन्यांत हातात बदलीचं पत्र. त्याने मुलाखतीत विचारलं असतं, की ही लाइन इथेच राहणार ना, तर मला तोंडावर खोटं बोलणं जमलं नसतं. पण त्याने विचारलं नाही आणि मी गप्प बसलो. चूक माझीच होती.

कायदाही गप्प बसण्याला बराच सांभाळून घेतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात 17 व्या कलमाखाली म्हटलंय, की बोलणं हे कर्तव्यच ठरेल अशी परिस्थिती नसेल तर नुसतं मौन म्हणजे फसवणूक नव्हे. विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगितलं तर मात्र गोष्ट बदलते. म्हणून भावाने आजच मेल करावा: शिफ्ट कोणती, कामाचं ठिकाण कोणतं, गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं, ही जागा का रिकामी झाली आणि आधीचा माणूस किती दिवस टिकला. "नंतर बघू" असं फोनवर कळवलं, तर ते उत्तर नाही असंच समजावं.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर नीट वाचा. त्याला कोर्टात काही अर्थ नसतो, असं मित्र सांगतील. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

लेखी उत्तर येईपर्यंत त्याला सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ देऊ नका. आणि एक दिवस शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर पाठवा. तिथल्या दोन-तीन जणांना पगार कोणत्या तारखेला होतो आणि रविवारी किती वेळा बोलावतात, एवढंच विचारलं तरी पुरे.