दुधाच्या पिशव्यांची कासवं

प्रश्न : नमस्कार ताई, मी देवगड तालुक्यातली, वय ६१. आमच्या बचत गटातल्या आम्ही सात जणी दुधाच्या आणि तांदळाच्या पिशव्या कापून क्रोशाने कासवं विणतो, बालदिनाला गावातल्या अंगणवाडीत फुकट वाटायचीत. पण दोरा मधेच तुटतो, मनगट भरून येतं, आणि पोटात जुन्या साडीच्या चिंध्या भरलेली दोन कासवं गेल्या पावसात आतून काळी पडली, कुबट वास सुटला. मुलगा म्हणतो आई, बंद कर हे. काय चुकतंय? फोटो जोडलाय.

उत्तर : काकी, बंद मुळीच करू नका, फोटोतलं कासव बघून मला खरंच आनंद झाला. फक्त तीन गोष्टी बदला.

पहिलं म्हणजे तांदळाची पिशवी यातून काढा. ती विणलेली असते, कापली की कडेने धागे सुटत राहतात, तुमचा दोरा तिथेच तुटतोय. दुधाची पिशवी मऊ आणि चिवट, तीच घ्या. राज्यात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणजे घरात रोज येणारी पिशवी तशीही दुधाचीच. फोडताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका, तो गटारातून थेट खाडीत जातो, वरची कड सरळ कापा. आधी गार पाण्याने, मग साबणाने धुवा आणि उलटी करून ओट्याच्या टाइल्सवर चिकटवून वाळवा, माझ्याकडे रोज सकाळी चार पिशव्या तशाच चिकटलेल्या असतात. खालची शिवण कापून टाकली की नळी उरते, तिची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी जिलबीसारखी गोल गोल कापत जा म्हणजे गाठी कमी येतात, आणि छपाई आत जाईल अशी दुमडून विणा म्हणजे बाहेर पांढरं दिसतं आणि शाई हाताला लागत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेल्या पिशव्या मात्र खेळण्यात नको हं, उन्हाने त्यांचा जीव गेलेला असतो, महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

मनगटाचं म्हणाल तर सुई ५ मिलिमीटरची, धातूची घ्या आणि टाका ढिला सोडा. प्लास्टिक लोकरीसारखं ताणत नाही, त्यामुळे आपण नकळत खेचत राहतो. दमट हवेत घामाने पट्टी सुईला चिकटते तेव्हा बोटांना जराशी टाल्कम पावडर लावा. गोलात ६ मुके खांब (म्हणजे सिंगल क्रोशे), पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४, एवढ्यात तळहाताएवढी पाठ होते आणि अख्ख्या कासवाला माझ्या हाताने साधारण दहा-बारा पिशव्या लागतात.

आता बुरशी. चिंध्या आमच्या दापोलीतही जून ते सप्टेंबर वाळत नाहीत, तर कासवाच्या पोटात कुठून वाळणार! त्याऐवजी पिशव्यांच्याच लांब पट्ट्या जुन्या नायलॉनच्या मोज्यात भरा, मोजा दुहेरी दोऱ्याने शिवा आणि मग तो पोटात घाला. पाणी धरत नाही, धुऊन वाऱ्यावर टांगलं की दुसऱ्या दिवशी कोरडं. मोजा का, तर वरचा टाका सुटला तरी पोरांच्या तोंडात प्लास्टिक जाऊ नये म्हणून, आणि याच कारणासाठी बारीक तुकडे अजिबात भरायचे नाहीत.

काकी, फोटोत डोळ्यांना शर्टाची बटणं दिसतायत, ती आजच काढा. डोळे दोऱ्यानेच भरतकामासारखे भरा. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात पण कडेवरची धाकटी भावंडंही येतातच की, आणि ती सगळं तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या कुणालाही प्लास्टिकचं काहीच देऊ नका, त्यांच्यासाठी तेच कासव सुती दोऱ्याचं विणा. म्हणून आधी सेविकाताईंना भेटून कुठल्या वयाची किती मुलं आहेत ते विचारून घ्या, मगच विणायला बसा.

आणि एक सांगू का? तुमच्या कासवाला चार सारखे पाय आहेत, ते झालं विहिरीतलं कासव. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले, त्याला पाय नसतात, वल्ही असतात, पुढची दोन लांब आणि मागची आखूड, आणि पाठ वरून बघितली तर पत्त्यातल्या बदामासारखी. वेळासच्या समुद्राकडे पळणारी पिल्लं ज्याने बघितलीयत तो पोरगा ही चूक लगेच पकडेल. पुढच्या वल्ह्यांना १० साखळ्या आणि मागच्यांना ५ घालून बघा.

वाटायच्या आदल्या दिवशी सातही जणींनी एकमेकींची कासवं घ्या आणि प्रत्येक वल्हं धरून जोरात ओढा, जे हातात येईल ते परत शिवायला.