गोव्यात हॉटेलात नोकरी करतो, रविवारी सुट्टी मिळत नाही. ख्रिस्ती माणसाने आजच्या काळात देवाच्या आज्ञा पाळून जगायचं कसं?

जगता येतं. रविवारी ड्युटी असली तरी येतं. मी नर्स आहे. वडील बंदरातल्या नोकरीसाठी नगरहून वास्कोला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. माझे कितीतरी रविवार वॉर्डात जातात, म्हणून तुमचा हा प्रश्न मला लोकांनी तोंडावर विचारलाय, आणि सगळ्यांत जास्त वेळा माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने.

दादा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर आहे. उपासनेत गाणी तोच धरतो, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायला, चुकत नाही, रविवारी दुकानाचं शटर उघडत नाही. त्याला मी नावं ठेवत नाही. पण आई त्याच्याकडे राहत होती तेव्हा एका रविवारी सकाळी न्हाणीघरात पडली. दादाने तिला उचलून पलंगावर निजवलं, वहिनीला बाम चोळायला सांगितलं आणि उपासनेला निघून गेला. आल्यावर बघू म्हणाला. शेजारची कॅथलिक आंटी मिसला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघाली होती. आईचं कण्हणं ऐकून ती आत आली, १०८ ला फोन केला, मग मला. मी ड्युटी दुसऱ्या सिस्टरकडे सोपवून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा आंटी आईचा हात धरून स्ट्रेचरशेजारी उभी होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. आंटीची मिस बुडाली. दादा दुपारी आला.

ऑपरेशननंतर आई माझ्याकडे आली, ती अजून माझ्याकडेच आहे. औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची बाई. दादाकडे पैसे मागितले तर म्हणाला, ते मंडळीच्या नव्या स्पीकरसाठी देवाला दिलेत. वर नाताळात सगळ्या नातेवाइकांसमोर मला ऐकवलं की तू रविवार पाळत नाहीस, म्हणून तुझ्या घरात आशीर्वाद नाही.

बायबलातला मार्कचा ७ वा अध्याय काढून वाचा. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं सांगून लोक मोकळे होत, आणि प्रभू येशूने त्यांना सुनावलं की तुमच्या रूढीपायी तुम्ही देवाची आज्ञा रद्द करता. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळायची, आज्ञा आम्ही प्रोटेस्टंट चौथी मोजतो आणि आईबापांची पाचवी. कॅथलिक तिसरी आणि चौथी मोजतात. कशीही मोजा, एक पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही.

आणि शब्बाथाची आज्ञा तरी पूर्ण वाचावी ना! निर्गम २०:१० मध्ये दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला उपरा, सगळ्यांनाच विसावा सांगितलाय. अनुवाद ५ मध्ये कारणही दिलंय, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. उपासना सुटली की दादा सगळ्यांना घेऊन हॉटेलात जेवायला जातो. तिथे वाढणारा तुमच्यासारखाच कोणीतरी असतो. त्याचा रविवार मोडला तर दादाला काही वाटत नाही, आणि मी पेशंटचं सलाईन बदललं तर आज्ञा मोडली! लूक १४ मध्ये प्रभू विचारतो, शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर लगेच वर काढाल की नाही? इथे तर आई पडली होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सुपरवायझरशी मोकळं बोला. महिन्यातून एक-दोन रविवारी सकाळची पाळी नको, बदल्यात चतुर्थीला मी थांबतो म्हणा. चतुर्थीला गोव्यातल्या हॉटेलांना माणसं मिळत नाहीत, ते ऐकतील. कॅथलिक असाल तर शनिवार संध्याकाळची मिस रविवारचीच धरतात. बाकीच्या आज्ञा ड्युटीवरच पाळायच्या आहेत. न मागवलेली डिश बिलात घालू नका, दुसऱ्याची टिप खिशात टाकू नका, मॅनेजरने सांगितलं तरी गिऱ्हाइकाशी खोटं बोलू नका.

मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही, एवढं लक्षात ठेवा. ड्युटीचं निमित्त करून उपासना टाळणारेही मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. महिनोन्‌महिने मंडळीत पाऊल पडत नसेल तर नोकरी बदलायचा विचार करा.

आईवडील गावी असतील तर पगार झाल्यावर आधी त्यांचे पैसे पाठवा, दशमांश मग काढा. दादाला हे पटत नाही. मग त्याने मार्कच्या ७ व्या अध्यायाचा अर्थ माझ्या घरी येऊन आईसमोर सांगावा.