एकट्यानं शहर बघायचंय? आधी संध्याकाळ ठरवा

मागच्या कॉलमच्या शेवटी मी सहज एक ओळ लिहिली होती की अधूनमधून शनिवार-रविवार मी एकटीच एखाद्या मोठ्या शहरात जाऊन भटकून येते. झालं, तेवढ्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तर रागवू नका.

प्रश्न : ताई, ऑफिसचं ट्रेनिंग शुक्रवारी संपतंय आणि परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं आहे. मधले दोन दिवस मी एकटी, आयुष्यात पहिल्यांदा! बघायच्या जागांची यादी केलीय, २३ झाल्यात, एक्सेल शीट पण तयार आहे. जमेल ना?

नाही जमणार. सॉरी, पण सरळच सांगते. शीटमध्ये तू प्रत्येक जागेला वेळ दिला असशील, पण दोन जागांच्या मधल्या वेळाचा कॉलम केलायस का? स्टेशनपर्यंत चालणं, गाडीची वाट बघणं, बाहेर आल्यावर चुकीच्या एक्झिटनं निघून रस्ता क्रॉस करून परत येणं, मग गेट शोधणं, हे सगळं अर्ध्या तासाच्या खाली होत नाही. २३ जागा म्हणजे मधले २२ टप्पे, म्हणजे ११ तास नुसते इकडून तिकडे जाण्यात. दोन दिवसांतले ११ तास गं!

माझा हिशोब साधा आहे, दिवसाला एक एरिया. शनिवारी एक, रविवारी दुसरा. त्या एरियात एकच गोष्ट "ही बघायचीच" अशी, बाकी जे वाटेत येईल ते. उरलेल्या २१ जागा गेल्या तर गेल्या, शहर कुठं पळून जात नाही.

आणि मेट्रोच्या नकाशावरून अंतर मोजू नकोस, तिथं हमखास फसायला होतं. आज जगभर जे सरळ रेघा आणि ४५ अंशांची वळणं असलेले नकाशे दिसतात ना, त्याची पद्धत लंडनच्या हॅरी बेकमुळे रूढ झाली, त्याचा नकाशा १९३३ मध्ये छापून आला. हा माणूस इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन होता, त्यानं विचार केला की जमिनीखालच्या प्रवाशाला खरं अंतर कशाला हवंय, त्याला फक्त कुठं चढायचं, कुठं बदलायचं आणि कुठं उतरायचं एवढंच हवं, म्हणून त्यानं गर्दीचा मधला भाग फुगवला आणि लांबची उपनगरं आत ओढली. त्यामुळे नकाशावर लांब दिसणारी दोन स्टेशनं प्रत्यक्षात चालत पाच मिनिटांवर असतात. लंडनच्याच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्टेशनांमध्ये जेमतेम पाव किलोमीटर आहे, आणि लोक खाली उतरून, गाडीची वाट बघून, परत वर येतात. शहराच्या मध्यभागी असशील तर आधी खरा नकाशा उघड, दोन-तीन स्टेशनांचं अंतर असेल तर सरळ चालत जा, कारण शहर वर असतं.

म्युझियम असेल यादीत तर एकच ठेव, आणि तेही सकाळी उघडल्या उघडल्या. तिथं दीड-दोन तासांनी पाय आणि डोकं दोन्ही बंद पडतात, तो तुझा दोष नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमननं १९१६ मध्येच "म्युझियम फटीग" या विषयावर लिहून ठेवलंय, आणि सोबत फोटो दिलेत, एक गृहस्थ खालच्या कपाटातली वस्तू बघायला गुडघ्यात वाकलेत, कुठं मान तिरकी करून लेबल वाचतायत असे. शंभर वर्षं होऊन गेली, आपण अजून तसेच वाकतोय! एकट्यानं जाण्याचा खरा फायदा इथं कळतो, कंटाळा आला की कुणालाही न विचारता बाहेर पडता येतं. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून उरलेल्या खोल्यांतून धावत जाऊ नकोस. हां, आणि सुट्टीचा वार आधी बघ, पॅरिसचं लूव्हर मंगळवारी बंद असतं, बऱ्याच शहरांत सोमवारी बंद असतात. तुला शनि-रवीला अडचण नाही, पण कुणी सोमवार जोडून घेत असेल तर दारावरून परत यावं लागतं.

प्रश्न : दिवस मस्त जातो, पण संध्याकाळी एकटं वाटायला लागतं. मागच्या वेळी सात वाजताच रूमवर येऊन झोपलो आणि दुसऱ्या दिवशी लवकरची गाडी पकडून घरी आलो. माझ्यात काही कमी आहे का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. गंमत म्हणजे सगळे प्लॅनिंग दिवसाचं करतात. दिवसाला प्लॅनिंगची गरजच नसते हो, दिवसभर सगळेच कुठं ना कुठं निघालेले असतात, त्यात तुम्ही एक. घोळ होतो सहा ते आठच्या मध्ये. लोक जोडीनं, घोळक्यानं बाहेर पडायला लागतात, तुमचे पाय दुखत असतात, तुम्ही "पाच मिनिटं टेकू" म्हणून रूमवर येता, बूट काढता, मोजे काढता, बेडवर आडवे होता, फोन चार्जिंगला लावता आणि वायर आखूड असते म्हणून भिंतीकडे तोंड करून तसेच पडून राहता. बाहेर अंधार झालेला असतो. मग परत मोजे चढवण्याइतकं कारण सापडत नाही. मी हे सगळं केलंय, पहिल्या दोन ट्रिपांना तर दोन्ही रात्री.

तेव्हापासून नियम केलाय, निघायच्या आधी फक्त संध्याकाळ ठरवायची, दिवस मोकळा सोडायचा. संध्याकाळी सात-साडेसातला कुठंतरी पोचायचंच आहे असं काहीतरी हवं, आणि शक्यतो पैसे भरलेलं, म्हणजे टाळता येत नाही. नाटक, गाण्याची मैफल, मॅच, काहीही. इथं एकट्या माणसाची चांदी असते बरं का. लोक तिकिटं जोडीनं, चौघांची वगैरे काढतात, त्यामुळे मध्ये कुठंतरी एकच खुर्ची उरते, बाकी हाऊसफुल असतानाही. शेवटच्या दिवशी सीटचा नकाशा उघडून बघा, पुढच्या रांगांत एखादा एकटा चौकोन रिकामा दिसतो, तो तुमचा. भाषा येत नसली तर संगीत किंवा नाच बघा. आणि अंधारात, एकाच दिशेला बघत बसलेल्या लोकांमध्ये कोण एकटं आणि कोण जोडीनं हे कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही.

दुसरं, दिवसाचं मोठं जेवण दुपारी उशिरा करा, तीनच्या सुमाराला. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, चौघांचं टेबल अडवल्याचं कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि रात्री थोडंसं काहीतरी खाल्लं की भागतं. एकट्यानं जेवताना लाज वाटते ती बहुतेक रात्रीच्या जेवणात वाटते, तोच कार्यक्रम छोटा केला की प्रश्न अर्धा सुटला. काउंटरची जागा असेल तर तिथं बसा, समोर काम चाललेलं दिसतं, बघायला काहीतरी असतं.

तिसरं, रूमवर जायचंच असेल तर पाचला जा, सहाला नाही. अंघोळ करा, कपडे बदला आणि सूर्य मावळायच्या आत परत बाहेर. मावळल्यानंतर जो निळसर उजेड राहतो ना, आकाशाचा रंग गेलेला नसतो आणि खाली दिवे लागलेले असतात, तेव्हा कुठलंही शहर सुंदर दिसतं, दिवसा कळकट वाटलेलं सुद्धा. विषुववृत्ताजवळ हा खेळ वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाल तसा लांबत जातो. त्या वेळी पूल, नदीकाठ, टेकडी, उंच गच्ची, असं जिथून लांबवर दिसतं तिथं असा. पहिल्याच संध्याकाळी असं उंचावरून शहर बघून घेतलं तर दुसऱ्या दिवशी दिशा पण लक्षात राहतात, हा बोनस.

तुम्ही लवकरची गाडी पकडलीत त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी फक्त शनिवारच्या रात्रीचं एक तिकीट आधी काढा आणि बघा काय फरक पडतो.

प्रश्न : मला दिशा अजिबात कळत नाहीत. नकाशा हातात असून चुकते. मी एकटीनं जावं का?

जा की. नकाशातला निळा ठिपका बघत चालणारा माणूस शहर बघतच नाही, ठिपका बघतो. केव्हिन लिंच नावाचे अमेरिकन नगररचनाकार होते, त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना विचारून अभ्यास केला आणि १९६० मध्ये मांडलं की माणसाच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींचं बनतं : रस्ते, कडा म्हणजे नदी किंवा रेल्वेलाइनसारख्या सीमा, एरिया, चौक आणि लांबून ओळखू येणाऱ्या खुणा. मी यातल्या दोनच वापरते. पोचल्यावर एक कड आणि एक खूण ठरवायची. "नदी माझ्या डाव्या हाताला, तो घड्याळाचा टॉवर मागे", बस्स. नदी उजवीकडे आली की समजायचं, आपण परतीच्या तोंडानं चाललोय.

जमिनीखालून वर आलात की लगेच चालू लागू नका, दोन मिनिटं उभं राहा, एक्झिटचा नंबर वाचा. बऱ्याच शहरांत प्रत्येक एक्झिटला नंबर किंवा अक्षर असतं आणि चुकीचं निवडलं की मोठ्या रस्त्याच्या पलीकडे बाहेर पडता. आणि त्या शहराचा नकाशा घरूनच फोनमध्ये डाउनलोड करून न्या. जीपीएस सॅटेलाइटवर चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज गेली तरी ठिपका दिसत राहतो.

पण बॅटरी गेली तर काही दिसत नाही! माझी रात्री नऊला गेली होती. हॉटेलचं नाव मेलमध्ये, मेल फोनमध्ये, आणि मला आठवत होतं फक्त "दारात दोन कुंड्या आहेत". पाऊण तास कुंड्या शोधल्या. शेवटी एका औषधाच्या दुकानात चार्जिंगला पाच मिनिटं दिली तेव्हा सुटले. तेव्हापासून चेक-इन केल्या केल्या हॉटेलचं कार्ड मागून घेते, आणि ते पर्समध्ये नाही, खिशात.

प्रश्न : बाई म्हणून एकटीनं फिरायचं तर सेफ्टीचं काय? घरचे नको म्हणतात.

घरच्यांची काळजी खोटी नसते, त्यामुळे "काही होत नाही गं" असं मी म्हणणार नाही. मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी उजेडात पोचेन अशी गाडी घेते. हॉटेल स्वस्तापेक्षा स्टेशनपासून दिव्यांच्या रस्त्यावर आहे का ते बघते. शेवटची मेट्रो किंवा बस किती वाजता ते आधी बघून ठेवते आणि तिच्या एक आधीची पकडते, त्यातही रविवारी गाड्या कमी असतात आणि दुरुस्तीची कामं शनि-रवीलाच काढतात, म्हणून शनिवारचं वेळापत्रक रविवारी गृहीत धरत नाही. घरी एकाच माणसाला लाइव्ह लोकेशन देते. एकालाच. अख्ख्या फॅमिली ग्रुपला दिलं तर "इथं का थांबलीस" म्हणून दर तासाला फोन येतात. इमर्जन्सीचा नंबर पाठ असू दे, ११२ भारतातही चालतो आणि युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांतही. कुणी फारच आपुलकीनं "एकट्याच का?" विचारलं तर मी बिनधास्त खोटं बोलते, "नाही, मैत्रीण येतेय." याला पाप म्हणत नाहीत. ऑफिसांचा जो एरिया असतो ना, आठवडाभर गजबजलेला, तो रविवारी संध्याकाळी एकदम ओस पडतो, तिथं दिवसाच जा. आणि एखादी गल्ली मनाला पटली नाही तर कारण शोधत बसू नका, वळा. तुम्ही उगाच घाबरला होतात का, हे कुणाला सिद्ध करून दाखवायचं नाहीये.

प्रश्न : फोटो कोण काढणार?

ज्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा आहे त्याला सांगा, तो फ्रेम नीट लावतो. किंवा आधी एखाद्या जोडप्याला "तुमचा काढू का?" विचारा, परतफेड आपोआप होते. दोन-चार पुरेत.

प्रश्न : वय ५८, नुकताच रिटायर झालोय. बायकोला प्रवासाची आवड नाही म्हणून एकटा गेलो, पण शनिवारी दुपारीच कंटाळलो. नुसतं बघत किती फिरायचं?

काका, नुसतं बघायला मलाही जमत नाही. काहीतरी क्षुल्लक काम घेऊन जा. तुम्ही काय नोकरी केलीत ते लिहिलं नाहीत, पण जे काही केलं असेल तेच त्या शहरात शोधा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर जातील तिथं फक्त पूल बघतात, खालून. वर सगळे फोटो काढत असतात आणि हे खाली काठावर उभं राहून सांधे आणि बेअरिंग बघतायत! दोन दिवसांत पाच-सहा पूल होतात आणि त्या निमित्तानं शहराचे सगळे कोपरे पालथे पडतात. कुणी जुनी छापखान्याची अक्षरं शोधतं, कुणी ट्रामच्या एका नंबरला बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत येतं. हे शेवटच्या स्टॉपचं तर कुणीही करावं, दिवसाचा पास असेल तर जास्तीचा खर्च शून्य, पाय आराम घेतात आणि ज्या भागात एकही टुरिस्ट नाही तिथली माणसं चढता-उतरताना दिसतात.

पायांचं निघालं म्हणून, नवे बूट घालून जाऊ नका. दिवसात १२-१५ किलोमीटर सहज होतात, म्हणजे वीस हजारांच्या आसपास पावलं. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं की तिथंच बसून चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका, आणि दुपारी मोजे बदला, कारण घामानं ओले मोजे जास्त घासतात.

प्रश्न : रविवारी चेक-आउट अकराला आणि गाडी रात्री नऊला. मधले दहा तास बॅग घेऊन कुठं फिरू?

बॅग रिसेप्शनलाच ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, नुसतं विचारायचं असतं, नाहीतर मोठ्या स्टेशनवर क्लोकरूम असते. पावती घ्या आणि ती जागा किती वाजता बंद होते ते विचारा. मग रविवारचा एरिया असा निवडा की तिथून परत येताना हॉटेल वाटेत पडेल, उलट्या टोकाला गेलात तर शेवटचे दोन तास नुसते घड्याळाकडे बघण्यात जातात. आणि चार्जर बॅगेत ठेवून बॅग तिथं देऊ नका. मी दोनदा दिलीय.