गावाला जाताय? आधी सावली बघा, मग पाणी

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मनीषनगरला टॉप फ्लोअरवर राहतो. मेच्या शेवटी लग्नासाठी दहा-बारा दिवस पुण्याला जायचंय आणि शेजारच्या काकूही गावाला चालल्यात. बाल्कनीत मनी प्लांट, स्नेक प्लांट, मोगरा, तुळस आहे, गच्चीवर वांगी, टमाटर, मिरच्या. सगळ्या कुंड्या हॉलमध्ये आणून टबात पाणी भरून ठेवणार होते, चालेल का? आणि तोडलेल्या भाजीचं काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हॉलमध्ये अजिबात नको हो! नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात वर तापलेला स्लॅब, दारं-खिडक्या बंद, कूलर बंद, म्हणजे रात्रीसुद्धा त्या घरात गारवा नाही, झाडं पाण्यात उभी राहूनही उकडतील. आणि टबातल्या साचलेल्या पाण्यात मुळं सडतात ते वेगळंच. शिवाय डेंग्यूचे डास असल्याच पाण्यात वाढतात, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकीसुद्धा रिकामी करून जा.

उचलता येतील त्या कुंड्या खाली पार्किंगमध्ये न्या, उजेड आहे पण ऊन आणि लू थेट लागत नाही अशा कोपऱ्यात, एकमेकींना खेटून. मधे झाकणाची बादली विटांवर उंच ठेवा, झाकणाला भोकं पाडून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या तळापर्यंत सोडा, दुसरं टोक मातीत बोटभर खोल पुरा. हे निघायच्या चार दिवस आधी लावून बघा, म्हणजे बादली किती उतरते ते कळेल. मातीवर नारळाच्या शेंड्या नाहीतर वाळका पाला पसरा. कूलरच्या जुन्या खसच्या ताट्याही चालतात पण त्यात क्षार बसलेला असतो, धुऊन घ्या. स्नेक प्लांटला एकदा पाणी दिलं की बास, त्याला पट्टी नकोच. खत मात्र आता कुणालाच देऊ नका. गच्चीवरच्या मोठ्या कुंड्यांना हिरवी नेट बांधा आणि तीच बादली-पट्टी.

आता भाजी. एरवी मी टमाटर फ्रीजबाहेर ठेवा म्हणते, थंडीत त्याची चव जाते, पण बंद तापलेल्या घरात ते सडणारच, म्हणून लाल झालेले शिजवून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये जमवा आणि कच्चे कुणालातरी देऊन टाका. मिरच्या पुसून, देठं काढून, कागद घातलेल्या डब्यात फ्रीजमध्ये. वांगी फ्रीजमध्ये डागाळतात, त्यापेक्षा चकत्या करून आत्ताच गच्चीवर कडक वाळवा, एवढं ऊन फुकट मिळतंय! गोडलिंब सावलीत वाळवा. सांबार (कोथिंबीर) असेल तर कुणालातरी देऊनच टाका, आलूसुद्धा, कांदे मात्र जाळीच्या टोपलीत मोकळे राहतील. फ्रीज चालू ठेवून जाणार ना? मग फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा, आल्यावर ते तळाशी दिसलं तर मधे लाईट बराच वेळ गेली होती, तो टमाटरचा गर फेका.

प्रश्न : परत आल्यावर तुळस वाळलेली दिसली तर उपटून टाकायची का?

उत्तर : लगेच नको. खोडाची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर वाळक्या फांद्या छाटा, थोडं थोडं पाणी द्या, एकदम बादली ओतू नका, आणि पंधरा दिवस सावलीतच ठेवा.