तिन्ही कार्यक्रमांना एकच तक्ता चालणार नाही

प्रिय,

तीन कार्यक्रमांच्या तयारीचा तुझा तक्ता वाचला. व्हायोलिनची मैफल, उभ्याने ऐकायचा रॉकचा कार्यक्रम आणि लहानथोर सगळे येतील असा मैदानावरचा वाद्यवृंद. तिन्हींपुढे ‘श्रोत्यांची सोय’ या रकान्यात तेच चार शब्द आहेत: खुर्च्या, पाणी, स्वच्छतागृह, पार्किंग. हे लागतंच, पण असा तक्ता लग्नसमारंभालाही चालेल. मी आधी एकच विचारतो: ते दोन-तीन तास ऐकणाऱ्याचं शरीर काय करत असणार? बाकीचं त्यावरून ठरतं.

व्हायोलिन माइकशिवाय वाजणार आहे ना? मग तिथे माणूस जागचा हलणारही नाही. अशा वेळी करकरणारी खुर्ची आणि मानेवर येणारा गार झोत फार मोठे होतात. एसीची घरघर तर हळुवार सूर गिळूनच टाकते. नुसतं बसलेलं माणूससुद्धा सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे पाचशे श्रोते मिळून 50 किलोवॅट. रिकाम्या सभागृहात ‘बरोबर’ वाटलेलं तापमान मध्यंतरापर्यंत उकाड्यात बदलतं. म्हणून दारं उघडण्याआधीच हॉल थोडा जास्त गार करून ठेव आणि वादन सुरू झालं की पंख्याचा वेग उतरव.

खुर्ची मात्र ‘जितकी मऊ तितकी छान’ असं समजू नकोस. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहातला घुमारा कमी करायचं काम भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणून, रात्री शांततेत, त्यांनी कोणती वस्तू किती आवाज शोषते ते मोजलं. एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे गादी आणि श्रोता, दोन्ही त्या वाद्याच्या आवाजात कपात करतात. जर्मनीतल्या बायरॉइटचं ऑपेरागृह 1876 पासून आपल्या कडक लाकडी आसनांसाठी बदनाम आहे, पण तिथला नाद नावाजला जातो आणि मध्यंतरं तासाभराची असतात. माझं मत विचारशील तर, कडक खुर्ची आणि भरपूर मध्यंतर हा सौदा वाईट नाही. पंधरा मिनिटांत शेकडो लोकांना स्वच्छतागृह गाठायला लावणं वाईट.

आता रॉक. इथे खुर्ची ही सोय नव्हे, अडथळा आहे. लोक उभे राहणार, नाचणार, पुढे सरकणार. चौरस मीटरला पाचांच्या पुढे माणसं गेली की कुणी आपल्या मर्जीने हलू शकत नाही, आणि सहा-सातला गर्दी लाटेसारखी ढकलत नेते. अशा गर्दीत माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. 3 डिसेंबर 1979 रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमाला राखीव जागा नसल्याने लोक पुढची जागा पकडायला दारांशी दाटले होते. मोजकीच दारं उघडली गेली. अकरा जणांचा जीव गेला, तोही गाणं सुरू होण्याआधी. तेव्हा तुझं निम्मं काम दारात आहे: लवकर उघडणारी, पुरेशी दारं. आत बॅरिकेडने गर्दीचे भाग पाड, प्रत्येक भागाला बाजूने सुटायची वाट ठेव, आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे ते आधीच लिहून ठेव. ऐन वेळी सगळे एकमेकांकडे बघतात.

आवाजाबद्दल कलाकाराचा माणूस ‘अजून वाढवा’ म्हणणार, तो म्हणतोच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली आहे: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको. आवाज जुळवणारा साउंड मिक्सर जिथे आहे तिथेच मोजून समाधान मानू नकोस, पहिल्या रांगेत जाऊन मोज. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. मागच्यांना ऐकू यावं म्हणून सगळा जोर रंगमंचावरच्या स्पीकरवर दिला, तर भोगतात पुढचे. मधे अंतरावर वेगळे स्पीकर उभे कर आणि त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडायला, म्हणजे त्यांना उशीर द्यायला सांग. आवाजाला 30 मीटर जायला सुमारे 90 मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर दिला नाही, तर मागे एकच ठोका दोनदा ऐकू येतो. दारात इअरप्लग, म्हणजे कानात घालायचे बोळे ठेव. साधा फोमचा चालेल, पण तो वरचे सूर जास्त कापतो; फिल्टरवाला सगळं सारखं उतरवतो. आणि कानांना विसावा द्यायला एक शांत कोपरा हवाच.

वाद्यवृंदाला सावली, मुलांसाठी आवाज अडवणारे कानावरचे मफ आणि मधूनच उठून जाता येईल अशा वाटा, एवढं झालं तर पुष्कळ. मात्र व्हीलचेअरची जागा कडेला ढकलू नकोस. पुढचे उभे राहिले तरी दिसेल एवढा उंच चौथरा, त्यावर जायला उतार, आणि सोबतच्या माणसाची खुर्ची शेजारीच, मागे नाही. हे रॉकलाही लागू.

तो रकाना पुन्हा भर आणि तिन्ही जागांचे नकाशे पाठव. दारं आत उघडतात की बाहेर, ते त्यावर खुणावून ठेव.

सस्नेह